औषध म्हणू नका, विष म्हणा



आपल्या पत्रिकेचा प्रत्येक अंक मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो. गाळप किती झाले, उतारा किती पडला, आडसालीला खताचे हप्ते कसे द्यावेत, एकरी शंभर टन काढणाऱ्याने काय केले, हे सगळे त्यात असते आणि ते असावेच. खोडकिडीला कोणते औषध, हुमणीला कोणते, तणाला कोणते, पंपाला किती मिली, हेही वेळोवेळी छापून येते. पण फवारणी झाल्यावर उरलेले औषध घरात कुठे ठेवायचे, रिकाम्या डब्याचे काय करायचे आणि अंगावरचे कपडे कुणी कुठे धुवायचे, हे मात्र मला या पानांवर कधी वाचायला मिळाले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच. लिहिणारा शास्त्रज्ञ नाही, तुमच्यासारखाच ऊस घालणारा सभासद आहे. पण माझ्या घरात जे घडले ते दुसऱ्याच्या घरात घडू नये, एवढ्यासाठी संपादकांकडे जागा मागितली आहे.

काही वर्षांमागची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस. भाजीच्या तुकड्यावर कीड पडली होती. आख्खी बाटली घेऊन काय करायची म्हणून शेजारच्या शेतकऱ्याकडून पाव लिटर औषध मागून आणले. आणायला काही नव्हते, म्हणून सरबताच्या रिकाम्या बाटलीत आणले. निम्मे फवारले, निम्मे उरले. संध्याकाळी घरी आल्यावर मी बाटली माजघरातल्या कोनाड्यात ठेवली आणि कारभारणीला हाक मारून सांगितले, "औषध कोनाड्यात ठेवलंय गं, असू दे तिथंच." त्याच कोनाड्यात नातीच्या खोकल्याची बाटली असायची. नात साडेचार वर्षांची. तिने हे ऐकले असणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरगी माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "आबा, मी माझं माझं औशीद पिलं." शहाण्या पोरीसारखे सांगत होती. तोंडाला वास आला तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. दवाखान्यात नेईपर्यंत लाळ गळायला लागली, अंग घामाने भिजले, धाप लागली. डॉक्टरांनी डोळ्याला बॅटरी लावून पाहिले, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झाल्या होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "औषध कोणतं होतं? लेबल आणलंय का?" लेबल कुठले असणार? सरबताची बाटली! थोरल्याने मोटारसायकल दामटली, शेजाऱ्याच्या शेतातल्या खोपीतून मूळ डबा शोधून आणला, तोवर तासभर गेला. डॉक्टरांनी लक्षणांवरूनच ओळखून अॅट्रोपिनची इंजेक्शने सुरू केली होती म्हणून पोरगी वाचली. आठवडाभर दवाखान्यात होती. आज ती शाळेत जाते, पळते, खेळते. पण त्या तासाभरात मी जे भोगले ते वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

घरी आल्यावर मंडळी मला एकच वाक्य बोलली. "तुम्ही त्याला औषध म्हणता म्हणून पोरीनं पिलं."

त्या वाक्याचा मी पुष्कळ विचार केला आणि मला ते पटले. आपण त्याला औषध म्हणतो म्हणून ते घरात येते. औषध म्हटले की ते जपून, हाताशी, कोनाड्यात, फळीवर, देवघराच्या वर ठेवायची वस्तू झाली. विष म्हटले असते तर कुणी ते माजघरात आणले असते का? आपल्या जुन्या माणसांना हे कळत होते. एंड्रीन हा शब्द आपल्याकडे विषाचेच दुसरे नाव म्हणून रूढ झाला. ते एंड्रीन बंद होऊनही कितीतरी वर्षे झाली, शब्द मात्र राहिला. बाकीच्यांना आपण औषध हे सोज्वळ नाव देऊन टाकले.

आता कुणी म्हणेल, आमच्या वडिलांपासून हे चालत आले, आम्हाला काय झाले? हा प्रश्न मीही विचारत होतो. म्हणून वडिलांच्या वेळेपासूनच सुरुवात करू.

माझ्या लहानपणी धान्याच्या कणगीत बीएचसीची पावडर टाकायचे. आपण तिला गॅमेक्सिन म्हणत होतो. तीच पावडर गोठ्यात, तीच ढेकणांसाठी बाजेला, तीच मुंग्यांसाठी चुलीच्या कडेला. उसाचे बेणे लावताना पाऱ्याच्या औषधात टिपऱ्या बुडवायच्या. पिंपात हात घालून आम्ही पोरे त्या बुडवत होतो आणि लावण संपली की पिंप धुऊन न्हाणीघरात पाण्याला लावले जाई. हे सगळे त्या वेळी सुधारित शेती म्हणून सांगितले जात होते, आणि सांगणाऱ्यांनाही तेच माहीत होते.

पुढे काय झाले ते पाहा. डीडीटीचा शेतीतला वापर १९८९ मध्ये बंद झाला. बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली. एंडोसल्फान सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये थांबवले. पाऱ्याचे ते बेणेप्रक्रियेचे औषध, कार्बारिल आणि मिथाईल पॅराथिऑन यांवर २०१८ मध्ये बंदी घातली गेली. त्याच हुकमाने फोरेट, म्हणजे आपण ज्याला थिमेट म्हणतो ते, आणि डायक्लोरव्हॉस, म्हणजे ढेकूण-झुरळांना घराघरात मारले जाणारे नुवान, ही २०२० च्या अखेरीपासून बंद झाली. यातले प्रत्येक औषध कधी ना कधी चांगले म्हणूनच आपल्या हातात दिले गेले होते. मग आज जे चांगले म्हणून मिळते त्याच्यावर आंधळा भरवसा कसा ठेवायचा? माझे मत असे आहे की कोणतेही असो, ते शेतापुरते असावे, त्याने घराचा उंबरा ओलांडू नये. आणि सभासदहो, एकदा माळ्यावर चढून बघा. बंदी आलेल्या औषधांचे अर्धे डबे अजून तिथे सापडतील. माझ्या घरी दोन सापडले.

विष अन्नाशेजारी आले की काय होते याचे दाखले आपल्या देशातच आहेत. १९५८ साली केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक आणि खाण्याचा माल एकत्र वाहून आणला गेला. विष मालात मुरले आणि शंभराहून जास्त माणसे दगावली. त्यानंतर चौकशी होऊन १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. म्हणजे कायदा जन्मला तोच मुळी या एका चुकीतून. त्यानंतर पंचावन्न वर्षांनी, जुलै २०१३ मध्ये, बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत दुपारच्या जेवणातून २३ मुले मेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडले. हे आपल्या ओळखीचे औषध आहे. आपल्या घरात तेल कशात असते, रॉकेल कशात असते आणि फवारणीचे औषध कशात असते, हे ज्याने त्याने आपापल्या घरी जाऊन पाहावे.

आणि यवतमाळ काय लांब आहे? २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना त्या जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने गेले, शेकडो दवाखान्यात पडले. ते फवारताना गेले, घरात नव्हे, हे खरे. पण फवारणारा माणूस संध्याकाळी घरीच येतो. त्याच्या सदऱ्यावर, टॉवेलवर, डोक्यावरच्या टोपीवर ते विष बसलेले असते. तो सदरा घरातल्या सगळ्या धुण्यात पडतो आणि ते धुणे कोण धुते? आपल्या घरची बाई. तिने कधी पंप पाठीवर घेतला नाही, पण विष मात्र तिच्या हातात रोज येते. पोटुशी असली तरी येते. फवारल्यावर तिचे डोके का दुखते, हाताची कातडी का निघते, याचा विचार आपण किती जणांनी केला?

आता करायचे काय? मी जे घरात सुरू केले तेवढेच सांगतो.

पहिली गोष्ट, औषध राहत्या घरात नाही. शेतातल्या खोलीत किंवा गोठ्यापासून लांब, पोराच्या डोक्यापेक्षा वर, पत्र्याच्या पेटीत आणि पेटीला कुलूप. किल्ली एकाकडे. घेतानाच लागेल तेवढे घ्यायचे, उरवायचे नाही. मूळ डब्यातून दुसऱ्या कशात काढायचे नाही. त्या डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो तो बघायला शिकायचे. लाल म्हणजे अतिशय विषारी, पिवळा त्याखालोखाल, निळा मध्यम आणि हिरवा कमी. हिरवा म्हणजे निर्धोक असा अर्थ नाही, हे पोराबाळांनाही सांगून ठेवावे.

या कुलपाचे आणखी एक कारण आहे, ते बोलायला जड जाते, पण बोलले पाहिजे. आपल्या गावात रागाच्या भरात, कर्जाच्या काळजीत किंवा नवरा-बायकोच्या भांडणात कोण कोण गेले ते आपल्याला ठाऊक आहे. त्यातल्या कितीतरी जणांचा तो राग तासाभराचा होता. विष हाताशी नसते तर तो तास निघून गेला असता. श्रीलंकेने फार जहाल कीटकनाशके एकेक करून बंद केली, तेव्हा १९९५ नंतरच्या वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. तिथल्या माणसांची दुःखे काही संपली नव्हती, फक्त विष हाताशी राहिले नव्हते. ज्या घरात कुणी खचलेला दिसेल त्या घरी जाऊन बसा, त्याच्याशी बोला, डॉक्टरकडे न्या, आणि घरातले विष त्या दिवशीच बाहेर काढा.

दुसरी गोष्ट, रिकामा डबा. डबा रिकामा झाला की तीन वेळा खळखळून धुवायचा आणि ते पाणी पंपातच ओतायचे. मग डब्याला भोके पाडायची, म्हणजे तो कुणाच्या उपयोगाचा राहत नाही. १९७१ च्या नियमांतसुद्धा रिकामी भांडी मोडून वस्तीपासून दूर पुरावीत, पुन्हा वापरात येतील अशी टाकू नयेत असेच म्हटले आहे. आपण मात्र त्याच डब्यात पीठ ठेवतो, त्याचेच माप करतो, झाकण कापून परसाकडे जायचे टमरेल करतो. ओढ्याला आणि विहिरीच्या कडेला पडलेले डबे तर विचारूच नका. तेच पाणी जनावरे पितात.

तिसरी, कपडे. फवारणीचे कपडे वेगळे, बादली वेगळी, धुणे वेगळे. आणि ज्याने फवारले त्यानेच ते धुवावेत. हे वाचून काही जण हसतील. हसू द्या. फवारून आल्यावर साबणाने अंघोळ केल्याशिवाय पोराला उचलून घ्यायचे नाही.

चौथी, धान्य. गव्हातल्या किड्यासाठी बाजारात गोळ्या मिळतात. त्या गोळीला ओल लागली की फॉस्फिन नावाचा जहाल वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही. ज्या खोलीत माणसे झोपतात तिथे पोत्यात ती गोळी ठेवणे म्हणजे मरण उशाला घेऊन झोपणे. त्यापेक्षा आपल्या आज्या करत होत्या ते करावे. धान्याला कडक ऊन दाखवावे, दाताखाली कट्कन फुटेपर्यंत वाळवावे, गार झाल्यावर भरावे. कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवून थरात घालावा. डाळीला एरंडेलाचा हात द्यावा, कडधान्याला राख लावावी. याला कष्ट पडतात, नाही असे नाही. पण घरातली बाई कष्टाला घाबरत नाही, पुरुषाने ऊन दाखवायला पोती तेवढी उचलून द्यावीत.

बाकीच्या बारीकसारीक गोष्टीही आहेत. संडास धुवायचे अॅसिड आणि फिनेल पाण्याच्या बाटलीत भरू नये. चूल पेटवायला प्लास्टिकचा कागद घालू नये, त्याचा धूर साध्या धुरापेक्षा वाईट. खोली बंद करून रात्रभर मच्छर अगरबत्ती जाळू नये, मच्छरदाणी बरी. गॅस आला तरी पाणी तापवायची चूल अजून पुष्कळ घरांत आत आहे, ती तरी पडवीत काढावी किंवा वर धुराडे करावे. घरचा गूळ करणाऱ्यांनी तो पिवळाधमक दिसावा म्हणून हायड्रॉस टाकू नये. भेंडीच्या रसाने मळी निघते, रंग थोडा काळपट राहील, खाणाऱ्याचे बिघडणार नाही.

आणि इतके करूनही घात झालाच, तर वेळ घालवू नये. मिठाचे पाणी, ताक, दूध, तेल पाजत बसू नये. उलटी करवू नये, त्याने विष फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो. कपडे काढून अंग साबणाने धुवावे, १०८ ला फोन करावा आणि मूळ डबा लेबलासकट दवाखान्यात न्यावा. ही शेवटची गोष्ट मी किती किंमत मोजून शिकलो ते वर लिहिलेच आहे.

आता कुणी विचारेल, औषधाशिवाय ऊस येतो का? मी औषध सोडा म्हणत नाही. कमी लागेल असे करा म्हणतो. २००२ साली लोकरी मावा आला तेव्हाचे आठवा. सगळा ऊस पांढरा पडला, माणसे दिवसरात्र फवारत होती, दुकानातली औषधे संपली. शेवटी मावा कशाने आटोक्यात आला? डिफा आणि मायक्रोमस या त्याला खाणाऱ्या मित्रकिड्यांनी मोठे काम केले. कारखान्यांनी आणि शास्त्रज्ञांनी ते वाढवून शेतात सोडले. खोडकिडीला ट्रायकोकार्ड आहे. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमतात, फांद्या हलवून ते गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकले तर पुढचे निम्मे काम होते. पण हे एकट्याने करून भागत नाही, शिवारातल्या सगळ्यांनी एका वेळी करावे लागते. आणि सगळ्यांनी मिळून करायचे नसेल तर आपण सहकारी कारखाना काढला कशाला?

म्हणून संचालक मंडळापुढे काही सूचना नम्रपणे मांडतो.

एक, प्रत्येक गट ऑफिसला रिकामे डबे जमा करायची सोय करावी. ऊस नोंदीला माणूस तिथे येतोच, येताना धुतलेले डबे घेऊन येईल. जमा झालेल्या डब्यांची विल्हेवाट नियमाप्रमाणे कारखान्याने लावावी.

दोन, कारखान्याच्या औषध विभागातून कोणालाही सुटे औषध मिळू नये. लहान सभासदाला लिटरची बाटली परवडत नाही, म्हणून चौघे मिळून ती वाटून घेतात आणि चार घरांत चार बिनलेबलाच्या बाटल्या जातात. माझ्या घरातली त्यातलीच होती. शंभर-दोनशे मिलीच्या सीलबंद बाटल्या ठेवल्या तर हा प्रकार थांबेल.

तीन, कुलपाच्या पत्र्याच्या पेट्या घाऊक करून घेऊन सभासदांना मूळ किमतीत द्याव्यात, रक्कम उसाच्या बिलातून कापावी. कपातीचे नाव काढले की आपण बिथरतो, हे मला माहीत आहे. मीही सर्वसाधारण सभेत कपातींवर ओरडलो आहे. पण ही एक कपात अशी आहे की तिच्याविरुद्ध मी हात वर करणार नाही.

चार, ऊसतोडीच्या टोळ्या येतात तेव्हा कोप्यांवर पाण्याला कशाची पिंपे आहेत ते शेती विभागाने बघावे. औषधाचे पिंप स्वस्त मिळते म्हणून ती माणसे घेतात. ती आपली सभासद नाहीत, पण आपला ऊस त्यांच्याच हाताने तुटतो. त्यांची पोरे तेच पाणी पितात.

पाच, हंगामात आणि फवारणीच्या महिन्यांत जवळच्या दवाखान्यात अॅट्रोपिनचा साठा आहे ना, याची चौकशी कारखान्याच्या वैद्यकीय विभागाने महिन्यातून एकदा करावी. फोनवर होणारे काम आहे.

यातल्या कशालाही मोठा खर्च नाही. उतारा पाव टक्क्याने वाढावा म्हणून आपण किती बैठका घेतो, तेवढी एक बैठक यासाठी व्हावी. येत्या सर्वसाधारण सभेत मी हा विषय लेखी देणार आहे. ज्यांना पटेल त्यांनी खाली सही करावी.

आणि सभेपर्यंत थांबायचे नसेल, तर आज हा अंक खाली ठेवल्यावर एकदा घरातला कोनाडा, फळी आणि माळा बघून या. जे सापडेल ते बाहेर काढा. पोराबाळांना जवळ बोलावून दाखवा आणि सांगा, हे विष आहे. आमच्या घरी आता औषध फक्त खोकल्याचे असते. शेतातल्याला माझी नातसुद्धा विषच म्हणते, आणि मी चुकून औषध म्हणालो तर मला दटावते.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद